किनाऱ्यावरील स्वतंत्र कॅनोपीसाठी वाऱ्याचा भार कसा धरावा

नमस्कार. आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. पुण्यातील आपल्या कार्यालयाकडे रायगडच्या किनाऱ्यालगतच्या एका रुग्णालयाचे काम आले आहे. प्रवेशद्वारासमोर रुग्णवाहिका थांबण्यासाठी ९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद अशी स्वतंत्र कॅनोपी, म्हणजे भिंती नसलेले खांबांवरचे छत, उभारायची आहे. खांब चार, ते कडेपासून एक मीटर आत, उंची साडेचार मीटर, रुंदीच्या दिशेने छताला पाच अंशांचा एकेरी उतार, आणि मूळ इमारतीपासून ३०० मिलिमीटरची फट. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील कोणते दाबगुणांक (वाऱ्याचा दाब छतावर किती पटीने येतो ते सांगणारे आकडे) घ्यावेत आणि चक्रीवादळासाठीचा के-४ हा गुणक १.० धरावा की १.३, असे आपण विचारले आहे.

दोन्ही शंका योग्य आहेत, परंतु त्यांच्या आधीची एक गोष्ट ठरवल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. इमारतीच्या बाबतीत आपण वारा आडवा ढकलतो असे मनात धरून चालतो. कॅनोपीच्या बाबतीत तो प्रामुख्याने खालून उचलतो. भिंती नाहीत, छताचे वजन जेमतेम, आणि वारा वरून व खालून एकाच वेळी वाहतो. त्यामुळे जो फरक उरतो तो मुख्यतः छताला वर ओढणारा असतो. आरेखनाची सुरुवात स्वतःचे वजन आणि वरून येणारा चालता भार यांपासून करून वारा शेवटी 'तपासून' घेण्याची आपली जी सवय आहे, ती येथे उलटी करावी लागते. अशा छतात खांबापासून पायापर्यंतची जवळजवळ प्रत्येक जोडणी उचलभार ठरवतो.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर काही आठवड्यांनी एका शाळेच्या प्रवेशद्वारावरील कॅनोपीची पाहणी करण्यासाठी मी गेलो होतो. पत्रे बहुतांशी जागच्या जागी होते, वेल्डिंगही तुटले नव्हते. मात्र समुद्राकडील दोन्ही खांब आपापल्या फूटिंगसह (खांबाखालच्या काँक्रीटच्या पायासह) जमिनीतून वर आले होते आणि संपूर्ण सांगाडा इमारतीच्या बाजूला कलला होता. नकाशे पाहिले तेव्हा फूटिंगचा आकार केवळ खाली येणाऱ्या भारावरून ठरवलेला दिसला. त्या वादळात वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोतात १२० पर्यंत असल्याचे हवामान विभागाने नोंदवले होते. झोताचा हा वेग सेकंदाला सुमारे ३३ मीटर भरतो, आणि आपल्या मानकात मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर दिलेला आहे. मोजमापाची जागा आणि उंची वेगळी असल्याने ही तुलना ढोबळच आहे, तरीही ते छत नकाशातील वेगाच्या पुष्कळ अलीकडेच निकामी झाले, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आता वेगाकडे वळू. मूलभूत वेग म्हणजे मोकळ्या प्रदेशात १० मीटर उंचीवर तीन सेकंदांच्या झोताचा, पन्नास वर्षांच्या परतावा-कालावधीचा वेग. पुण्यासाठी तो ३९ आहे. आपल्या कार्यालयातील संगणक-प्रणालीत पुण्याची कामे करून करून ३९ हा आकडा बसलेला असेल, तर तो प्रथम बदलावा आणि जागेचा वेग नकाशावरून स्वतः वाचावा. पुढील उदाहरणासाठी मी ४४ धरतो. के-१ हा गुणक बांधकामाच्या आयुष्याशी आणि महत्त्वाशी निगडित आहे. रुग्णालयांसाठी मानक १०० वर्षांचा कालावधी सुचवते आणि ४४ च्या विभागात के-१ चे मूल्य १.०७ येते. कॅनोपी ही लहान, पूरक वस्तू आहे म्हणून ती सर्वसाधारण वर्गात टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण ती पडेल ती आपत्कालीन विभागाच्या दारातच आडवी पडेल.

के-२ हा परिसराचा प्रकार आणि उंची यांचा गुणक आहे, आणि त्याबाबत कोकणात एक चूक वारंवार दिसते. आजूबाजूला नारळी-पोफळीच्या बागा आहेत, घरे आहेत, म्हणून प्रदेश तिसऱ्या वर्गातला धरला जातो आणि १० मीटर उंचीसाठी ०.९१ हे मूल्य घेतले जाते. ज्या बागांवर आपण असे विसंबतो, त्या वादळात सर्वांत आधी आडव्या होतात. निसर्गच्या वेळी रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील बागायतदारांनी हे सोसले आहे. समुद्राकडे तोंड असलेल्या जागेसाठी मी पहिला वर्ग, म्हणजे १.०५ घेतो, किनाऱ्यापासून आत, सलग वस्तीच्या पलीकडे असेल तर दुसरा वर्ग, म्हणजे १.०. के-३, म्हणजे जमिनीच्या चढउताराचा गुणक, जागा पाहिल्याशिवाय सुटत नाही. रुग्णालय सपाट पुळणीलगत असेल तर १.० पुरे, पण ते सड्याच्या कडेला किंवा डोंगरउतारावर असेल आणि वाऱ्याकडील चढ तीन अंशांपेक्षा जास्त असेल, तर हा गुणक १.३६ पर्यंत जाऊ शकतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १.३६ चा अर्थ भारात सुमारे ८५ टक्के वाढ असा होतो. एवढ्या एका कारणासाठीही पुण्याहून गाडी काढून जागा पाहून येणे योग्य ठरेल.

आता के-४ कडे येतो. मानकाचे शब्द नीट वाचले तर हा गुणक पूर्व किनाऱ्यावरील आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील सुमारे ६० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी सांगितला आहे: आपत्तीनंतर सुरू राहणे आवश्यक असलेल्या बांधकामांसाठी १.३०, औद्योगिक बांधकामांसाठी १.१५ आणि इतरांसाठी १.०. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे नाव त्यात नाही. म्हणून केवळ नियमाचे अक्षर पाळायचे असेल तर आपल्या कॅनोपीला १.० चालते आणि त्यावर कोणी आक्षेपही घेऊ शकणार नाही. माझा निर्णय मात्र वेगळा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये गुजरातकडे जाताना आपल्या किनाऱ्याला घासून गेलेले तौक्ते, असा गेल्या दोन दशकांतील अनुभव समोर असताना, किनाऱ्यावरील रुग्णालयाच्या आपत्कालीन प्रवेशावर १.० लावणे मला पटत नाही. मी अशा कामात १.३० घेतो. तोच मालक शेजारी उपाहारगृहाची कॅनोपी मागत असेल, तर तेथे १.१५ वर थांबण्यास मी तयार असतो. हा निर्णय मानकाच्या किमान अपेक्षेपेक्षा जास्त आहे हे आराखडा-अहवालात एका परिच्छेदात स्पष्ट लिहावे आणि मालकाची त्यावर सही घ्यावी. नंतर खर्चाचा प्रश्न निघतो तेव्हा हा परिच्छेद उपयोगी पडतो.

के-१ आणि के-४ दोन्ही वाढवणे म्हणजे एकच सावधगिरी दोनदा घेणे नव्हे काय, असे आपल्या मनात येईल. तसे नाही. पहिला गुणक दीर्घ आयुष्यात अधिक तीव्र झोत येण्याची शक्यता हिशेबात घेतो, तर दुसरा, चक्रीवादळांत नकाशातील वेग अनेकदा ओलांडले जातात या निरीक्षणावर आधारलेला आहे.

आपल्या उदाहरणात के-३ हा १.० धरून ४४ ला १.०७, १.०५ आणि १.३० यांनी गुणले की वेग सेकंदाला ६४.३ मीटर येतो, आणि त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब प्रति चौरस मीटर २.४८ किलोन्यूटन होतो. के-४ जर १.० धरला असता तर हाच दाब १.४७ आला असता. यानंतर मानक तीन सवलती देते. दिशेचा गुणक सर्वसाधारण इमारतींसाठी ०.९ आहे, पण चक्रीवादळी प्रदेशात तो १.० घ्यावा असे मानकच सांगते. एकीकडे के-४ वाढवून दुसरीकडे ही सवलत घेणे विसंगत आहे. क्षेत्रफळाचा गुणक १० चौरस मीटरपर्यंत १.० असून १०० चौरस मीटरला ०.८ पर्यंत उतरतो, आणि पूर्ण छताच्या एकत्रित उचलीसाठी तो वापरण्यास हरकत नाही. येथे हिशेब सरळ राहावा म्हणून मी १.० ठेवतो. संयोगाचा गुणक छत आणि भिंती यांचे दाब एकत्र येतात तेव्हाचा आहे, येथे भिंतीच नाहीत. याशिवाय १० मीटरपेक्षा कमी उंचीच्या इमारतींच्या सांगाड्यासाठी दाब २० टक्क्यांनी कमी करण्याची एक मुभा आहे. कॅनोपीसाठी मी ती कधीही वापरत नाही, कारण सांगाड्याच्या भारात अशी सूट घेतली की तीच सूट नकळत अँकर बोल्टमध्ये (खांब पायाला बांधणाऱ्या बोल्टमध्ये) आणि पायात उतरते.

दाबगुणांकांसाठी एकेरी उताराच्या मोकळ्या छतांचा तक्ता लागू होतो. उंची आणि रुंदी यांचे प्रमाण पाव ते एक, लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण एक ते तीन, या मर्यादांत तो वैध आहे. आपली प्रमाणे ०.७५ आणि १.५ असल्याने आपण त्यात बसतो. हा तक्ता वापरताना छताखालील अडथळा ठरवावा लागतो. खाली काहीच नसेल तर पाच अंशांच्या उतारासाठी एकूण उचल-गुणांक ०.७ आहे, खालचा मार्ग पूर्ण बंद असेल तर तो १.१ होतो. आपली कॅनोपी कागदावर स्वतंत्र आहे, खांब तिचे स्वतःचे आहेत, आणि म्हणून आपण ०.७ कडे झुकला असाल. वाऱ्याला मात्र ३०० मिलिमीटरची फट दिसत नाही. समुद्राकडून येणारा वारा छताखाली शिरतो, इमारतीच्या भिंतीवर आदळून थांबतो आणि त्याचा सगळा दाब छताच्या खालच्या अंगावर येतो. रुग्णवाहिका खाली उभी असेल तर अडथळा आणखी वाढतो. सांधा वेगळा ठेवल्याने भूकंपाचा आणि खचण्याचा प्रश्न सुटतो. वाऱ्यासाठी ती कॅनोपी इमारतीचाच भाग राहते. म्हणून १.१ घ्यावा.

इमारत किती उंच आहे हे आपण लिहिलेले नाही, आणि येथे त्यावर बरेच अवलंबून आहे. रुग्णालय एकमजली असेल आणि कॅनोपी छपराच्या कडेच्या जवळपास उंचीवर असेल, तर वरच्या अंगाला शोषण आणि खालच्या अंगाला दाब अशी सर्वांत वाईट जोडी जमते. इमारत चार मजली असेल तर भिंतीवर आदळलेला वारा खाली घसरत येतो आणि छताला वरून दाबतोही. अशा वेळी तक्त्यातील ०.४ हा खाली दाबणारा गुणांक मला अपुरा वाटतो. मी तो किमान १.० धरतो आणि तुंबलेल्या पाण्याचे वजन त्यासोबत घेतो, कारण वादळात पन्हळी पालापाचोळ्याने हमखास बंद होतात. मोठ्या, महागड्या किंवा विचित्र आकाराच्या छतासाठी पवन-बोगद्यातील चाचणीचा मार्ग आहे. ५४ चौरस मीटरच्या साध्या छताला त्याची गरज नाही.

आता हा हिशेब जमिनीपर्यंत नेऊ. २.४८ गुणिले १.१ गुणिले ५४ केले की एकूण उचल १४७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १५ टन वजनाइतकी येते. हेच गणित ४४ चा वेग, सर्व गुणक १.०, दिशेची ०.९ ची सवलत आणि मोकळ्या छताचा ०.७ घेऊन केले असते तर उत्तर ४० किलोन्यूटन आले असते. दोन्ही वेळा तोच नकाशा आणि तोच तक्ता वापरला, तरी उत्तरात साडेतीन पटींहून अधिक फरक पडला. म्हणूनच 'कोणता गुणांक' या प्रश्नाआधी परिस्थिती ठरवावी, असे मी वर म्हटले.

ही उचल चारही खांबांत सारखी वाटू नये. एकेरी उताराच्या छतावर दाबाचे केंद्र वाऱ्याकडील कडेपासून रुंदीच्या ०.३ इतक्या अंतरावर धरावे असे मानक सांगते. ६ मीटरच्या रुंदीत ते कडेपासून १.८ मीटरवर येते, म्हणजे आपल्या पुढच्या खांबांपासून अवघे ०.८ मीटर आत. दोन रांगांत चार मीटरचे अंतर असल्याने ८० टक्के उचल पुढच्या रांगेवर जाते. छताचे वजन प्रति चौरस मीटर ०.३ किलोन्यूटन, म्हणजे एकूण सुमारे १६ किलोन्यूटन धरले, सुरक्षेसाठी वाऱ्याला १.५ ने आणि वजनाला ०.९ ने गुणले, तर पुढच्या प्रत्येक खांबावर वर ओढणारा सुमारे ८५ किलोन्यूटनचा भार येतो. बेस प्लेट, अँकर बोल्ट, त्यांची काँक्रीटमधील पकड आणि फूटिंग, या प्रत्येकाने हा आकडा पेलला पाहिजे.

फूटिंगविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण शाळेचे ते खांब माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. समजा आपण २ मीटर गुणिले २ मीटर, अर्धा मीटर जाडीचे फूटिंग दिले आणि त्यावर एक मीटर माती भरली. काँक्रीटचे वजन सुमारे ४८ आणि मातीचे सुमारे ७२, असे एकूण १२० किलोन्यूटन होते, ०.९ ने गुणले तरी १०८ उरते आणि ८५ सहज पेलले जाते. कागदावर काम संपले. परंतु चक्रीवादळ कोरडे येत नाही. किनाऱ्यालगत पाण्याची पातळी आधीच वर असते आणि दिवसभराच्या पावसाने ती जमिनीशी येऊन टेकते. पाण्याखाली गेलेल्या काँक्रीटचे परिणामी वजन २८ आणि मातीचे ३२ ते ३४ किलोन्यूटन इतकेच उरते. एकूण सुमारे ६०, आणि ०.९ ने गुणल्यावर ५५ च्या आसपास. तेच फूटिंग आता उपटले जाते. पाणी भरलेल्या स्थितीत तपासणी करणे, फूटिंग अधिक खोल व रुंद करणे, किंवा पुढच्या आणि मागच्या फूटिंगना जोडणारे जड तुळईपट्टे देणे, यांपैकी काय करायचे ते मातीच्या अहवालावरून ठरवावे. वरच्या फरसबंदीचे वजन मी त्यात धरत नाही, कारण ती पुढेमागे कोणीतरी पाइप टाकण्यासाठी खोदतेच.

आडव्या भाराचा भाग लवकर आटोपतो. सजावटीसाठी कडेला एसीपीचा (ॲल्युमिनियमचे थर असलेल्या पॅनेलचा) फॅशिया, म्हणजे छताच्या कडेची उभी पट्टी, असतोच. त्याच्या वाऱ्यासमोरील क्षेत्रावर १.३ हा गुणांक लावावा. ६०० मिलिमीटर उंचीच्या फॅशियावर ९ मीटर लांबीत सुमारे १७ किलोन्यूटन आडवा भार येतो, आणि साडेचार मीटर उंचीवरून तो चार खांबांच्या बुडाशी एकत्रित सुमारे ७८ किलोन्यूटन-मीटरचा, खांब वाकवणारा आघूर्ण निर्माण करतो. वास्तुविशारदाने पुढे फॅशियाची उंची एक मीटर केली, तर हा हिशेब पुन्हा करावा लागेल हे त्यांना आजच कळवून ठेवावे.

पत्रे, पर्लिन (पत्र्यांखालचे आडवे वासे) आणि स्क्रू यांच्यासाठी वेगळे, स्थानिक गुणांक आहेत आणि कडेला ते एकूण गुणांकाच्या सुमारे दुप्पट आहेत: पाच अंशांच्या उतारासाठी, खालचा मार्ग बंद असताना, कडांच्या पट्ट्यांत २.२ आणि २.३. म्हणजे कडेच्या पत्र्यावर प्रति चौरस मीटर सुमारे साडेपाच किलोन्यूटन उचल येते. मधल्या भागातील स्क्रूंचे अंतर कडेलाही तसेच चालू ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. शिवाय वादळ एकाच झोताने पत्रा उपटत नाही. तासन्‌तास तो खालीवर हलत राहतो आणि स्क्रूच्या छिद्राभोवती थकव्याने तडे जातात. डिसेंबर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आले तेव्हा पत्र्याची छपरे मोठ्या प्रमाणावर याच रीतीने गेली, आणि त्यानंतर तेथे पत्रे व त्यांच्या जोडण्या पुनःपुन्हा भार देऊन तपासण्याची पद्धत रूढ झाली. आपण कडेच्या पट्ट्यांत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू द्यावा, डोक्याखाली रुंद वॉशर घ्यावा आणि खाऱ्या हवेमुळे साधे जस्तलेपित स्क्रू टाळून स्टेनलेसचे वापरावेत. गंजलेल्या स्क्रूसाठी वरचा कोणताही हिशेब लागू होत नाही.

जागेचे छायाचित्र, इमारतीची उंची आणि मातीचा अहवाल आपण येथे दिलात, तर के-३, खाली दाबणारा भार आणि फूटिंग यांविषयी मी अधिक नेमके सांगू शकेन. तोपर्यंत एक काम मात्र आजच करावे. त्या ३०० मिलिमीटरच्या फटीवर पाणी येऊ नये म्हणून जी झाकणपट्टी आपण दाखवली असेल, ती इमारत आणि कॅनोपी या दोन्हींना पक्की केलेली नाही ना, हे तपशिलात पाहावे. ती एका बाजूला पक्की आणि दुसऱ्या बाजूला सरकती असावी; तशी नसेल तर कॅनोपी हलू लागताच सर्वांत पहिली ओढ त्या पट्टीवर आणि तिच्यामागच्या भिंतीच्या गिलाव्यावर येईल.